शेजार हेही भांडवलच



कारखाना कशावर चालतो, असे विचारले तर कोणी म्हणेल भांडवलावर, कोणी म्हणेल यंत्रावर. आमच्यासारखा युनियनवाला म्हणेल कामगाराच्या घामावर. तिन्ही उत्तरे खरी आहेत, पण अपुरी आहेत. तेच यंत्र, तोच कामगार आणि तेवढाच पैसा दोन निराळ्या गावी ठेवा; दोन्हीकडे सारखा माल निघत नाही. हा गुण जागेचा.

आपले कोल्हापूरच घ्या. जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, मुंबईचे बंदर दूर. १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली, ती येथेच थांबली. तरीही ओतकामाचा एवढा मोठा धंदा येथे वाढला, त्याचे मूळ उसाच्या मळ्यात आहे. मळ्याला पंप व इंजिन हवे, गुऱ्हाळाला चरक हवा. त्यांची दुरुस्ती करता करता येथले मिस्त्री ती यंत्रे घडवू लागले. पुढे शेतावर वीज पोचली आणि ऑइल इंजिनाचे दिवस सरले. पण मोल्डर आणि टर्नर येथेच होते. तेच हात मोटारींचे सुटे भाग करू लागले. गिऱ्हाईक बदलले, शेजार टिकला.

हा शेजार तीन प्रकारे उपयोगी पडतो. पहिला, कामाची वाटणी. शिवाजी उद्यमनगरात एका लेथवरही माणसाचा धंदा चालतो. कारण लाकडी पॅटर्न एक जण करतो, ओतकाम दुसरा, ग्राइंडिंग तिसरा. बेअरिंग गेले तर जवळच मिळते, यंत्राचा दिवस फुकट जात नाही. दुसरा, मालकाला कसबी माणूस आणि कामगाराला दुसरे काम लवकर सापडते. तिसरा, हुन्नर पसरतो. वाळूत ओल किती ठेवावी, रस केव्हा ओतावा, हे चहाच्या गाड्यावरही कानी पडते. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला होता.

शेजार नसेल तर काय होते? १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळावर कारखाना काढला. तो यशस्वी झाला. पण त्यासाठी त्यांना घरांपासून शाळेपर्यंत सारी वसाहतच उभी करावी लागली. एवढी ताकद प्रत्येकाकडे नसते.

गर्दीचे तोटेही आहेत. जागा महागते, भाडे वाढते, धुराचा त्रास वस्तीला होतो. म्हणून कारखाने शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला गेले. ते योग्यच झाले. शहर सुटले, पण शहराचा हात सुटला नाही.

वीजदर चढले की सीमेपलीकडे, कर्नाटकात जाण्याची भाषा ऐकू येते. विजेचे गाऱ्हाणे खोटे नाही. पण हिशेब पुरा मांडावा. यंत्र ट्रकमध्ये घालता येते, शेजार घालता येत नाही.

आता मुद्द्याचे बोलतो. हे भांडवल कोणा एकाच्या वहीत लिहिलेले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या मिस्त्री, कामगार आणि छोट्या कारखानदारांनी मिळून साठवले आहे. त्याचा लाभ केवळ जागेच्या भाड्यात आणि नफ्यात जाऊ नये. मजुरीतही उतरला पाहिजे. मालक म्हणतात, “पोराला शिकवले की तो शेजारच्याकडे जातो.” जाणारच! म्हणून एकट्याने नव्हे, सर्व कारखान्यांनी आणि युनियनने मिळून शिकवावे. शेजारच्याकडून शिकून आलेला पोरही आपल्याकडे येतोच की.

हात शिकायचे थांबले, तर उद्यमनगरात उरतील त्या नुसत्या पत्र्याच्या शेडी.