महाडच्या वाटेवर मूल कंटाळते तेव्हा

मार्च महिना उजाडला की माझगावच्या वस्त्यांमध्ये महाडला जाण्याची बोलणी सुरू होतात. चार-पाच घरे मिळून जीप किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतात. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तळे आपल्या लेकरांनी पाहिलेच पाहिजे. पण रस्ता पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आणि त्या दिवशी वाहनांची रांग. चार-पाच तासांचे सहा-सात तास सहज होतात. आपण कुठे आणि का चाललो आहोत हे मोठ्यांना ठाऊक असते. तीन वर्षांच्या मुलाला एवढेच कळते की आपल्याला मांडीवर दाबून धरले आहे.

मूल किरकिरले की आपण काय करतो? हातात मोबाईल देतो. इथेच गाडी लागायला सुरुवात होते. आपल्या कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारा एक भाग असतो. गाडी वळते, हेलकावे खाते हे तो मेंदूला कळवतो. डोळे मात्र मोबाईलच्या पडद्यावर खिळलेले, म्हणजे ते सांगतात की सर्व काही स्थिर आहे. दोन साक्षीदार दोन वेगळ्या साक्षी देतात, मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा या वयात तो जास्त दिसतो. मूल गप्प झाले, जांभया देऊ लागले, तोंड पांढरे पडले, घाम आला की ओळखावे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की मुलाचे मन रमवणे आणि त्याला गाडी लागू न देणे ही दोन कामे नाहीत. मुलाने खिडकीबाहेर, लांबवर पाहिले की दोन्ही साधतात. आणि या रस्त्यावर पाहण्यासारखे खूप आहे. पनवेल सोडल्यावर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आधी कोणाला दिसतो, ही पहिली शर्यत लावा. मग नद्या मोजायला सांगा. खारपाड्याला पाताळगंगा, नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका आणि महाडकडे सावित्री. एवढे पाणी वाहत असताना माणसांना तळ्याचे पाणी का पिऊ देत नव्हते, हा प्रश्न पाच-सहा वर्षांचे मूल आपणहून विचारते. तेव्हा त्याला गप्प बसवू नका, सोप्या शब्दांत सगळे सांगा. भाषणापेक्षा ते त्याच्या जास्त लक्षात राहील.

अक्षरे-आकडे ओळखणाऱ्या मुलांसाठी गाड्यांच्या नंबरांचा खेळ चांगला. एमएच ०१ आपल्या मुंबईची, ०४ ठाण्याची, ४६ पनवेलची, ०६ रायगडची, ०८ रत्नागिरीची, १२ पुण्याची. नागपूरची ३१ दिसली तर दहा गुण! नंबर पुढच्या गाडीचा, लांबचा वाचायचा. मांडीवर वही घेऊन लिहायचे नाही, त्यानेही मळमळते. लहानग्यांना आजीच्या तोंडचे भीमगीत पुरते. गाडीतला स्पीकर मात्र हळू ठेवा. बंद गाडीत तो कर्कश आवाज मुलांच्या कानांना सोसत नाही, आणि गाण्याचे शब्दही कळत नाहीत.

उपाशीपोटी निघू नये, आणि वडापाव-भजी खाऊ घालूनही निघू नये. चपाती, केळे, कुरमुरे असे हलके थोडे-थोडे द्यावे. चार वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या देऊ नका. धक्का बसला की दाणा घशात अडकतो. उलटी झालीच तर थोडा वेळ थांबून घोट-घोट पाणी किंवा ओआरएस द्यावे. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण पुडी विरघळवावी. मूल झोपावे म्हणून सर्दीचे औषध पाजण्याची काही घरांत सवय आहे. ती धोक्याची आहे. त्याने लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो. उलटीचे औषध हवेच असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

दर दीड तासाला गाडी थांबवा. रस्त्याच्या कडेला नको, पेट्रोल पंपाच्या आवारात थांबा आणि मुलाला हात धरून फिरवा. शौचालयाची पंचाईत नको म्हणून आपल्या माता-भगिनी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने तर असे मुळीच करू नये. कुठे थांबायचे हे निघतानाच ड्रायव्हरशी ठरवून घ्या. मूल झोपले आहे म्हणून त्याला बंद गाडीत ठेवून उतरू नका. उन्हात दहा मिनिटांत आतले तापमान सुमारे दहा अंशांनी चढते, आणि मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते.

बसण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांचे खास आसन लागते, नाहीतर १००० रुपये दंड आहे. भाड्याच्या गाडीत तसे आसन मिळत नाही आणि वर्गणी वाचवायला सातच्या गाडीत अकरा जण बसतात, हे आम्ही जाणतो. तरी निदान पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊ नका. ब्रेक लागला की आपलेच वजन त्याच्यावर येते. एकाच पट्ट्यात आई आणि मूल दोघेही नकोत. वर्गणी पन्नास रुपये वाढली तरी चालेल, माणसे कमी घ्या. ड्रायव्हर रात्रभर जागलेला नाही ना आणि पाचवे शील पाळतो ना, हे निघण्यापूर्वीच बघा.

आणि महाडला उतरण्याआधी प्रत्येक मुलाच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. एक नंबर सोबत आलेल्या माणसाचा, दुसरा माझगावला घरी थांबलेल्या कोणाचा तरी, कारण तळ्यापाशी गर्दीत फोन लागतोच असे नाही.