गिझर बसवताना तिसऱ्या तारेचा विसर नको

पूर्वी आपल्या घरी आंघोळीचे पाणी चुलीवर नाहीतर बंबात तापे. पुढे स्टोव्ह आला, विजेचा रॉड आला. आता चाळीतून इमारतीत गेलेल्या अनेक घरांत गिझर आला आहे. बाळंतिणीची, म्हाताऱ्या माणसांची, पहाटे पाळीला जाणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. पण पाणी आणि वीज जिथे एकत्र येतात, तिथे सोयीच्या पाठोपाठ धोकाही येतो.

गिझर घेताना आपण चार दुकाने फिरतो, आयएसआय शिक्का पाहतो. बसवताना मात्र वायरमनला सांगतो, "दिव्याच्या बोर्डावरूनच लाइन घे." चूक होते ती इथेच.

साधा हिशेब पाहा. घरातली वीज 230 व्होल्टची. 2000 वॉटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर वीज ओढतो, 3000 वॉटचा 13 अँपिअर. पंख्या-दिव्याचे लहान सॉकेट असते 6 अँपिअरचे. त्यावर गिझर चालवला तर वायर तापते, वरचे आवरण वितळते आणि आग लागू शकते. म्हणून गिझरला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. तांब्याची वायर 2000 वॉटसाठी निदान अडीच, 3000 वॉटसाठी चार चौरस मिलिमीटरची घ्यावी. सॉकेट 16 अँपिअरचे आणि या लाइनला वेगळा एमसीबी असावा. फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारे बटण पाणी उडणार नाही अशा जागी, शक्यतो न्हाणीघराबाहेर बसवावे.

सर्वांत महत्त्वाची ती तिसरी तार, म्हणजे अर्थिंग. गिझरमधली कॉइल खराब झाली की वीज टाकीत आणि पाण्यात उतरते. अर्थिंग चांगले असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर आंघोळ करणाऱ्याच्या अंगातून जाते. प्लगची तिसरी पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे सॉकेटात ती सर्वांत आधी जोडली जाते. ती पिन कापू नका. अर्थिंगची तार नळाला बांधू नका. आज बरेच पाइप प्लॅस्टिकचे असतात, त्यातून वीज जमिनीत जात नाही. काही जण सॉकेटातच अर्थिंग न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. पण न्यूट्रल तुटला तर गिझरचे सगळे अंगच वीजभारित होते.

एमसीबी वायरचे रक्षण करतो, माणसाचे नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज गळू लागताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र तो बसवला म्हणून अर्थिंग टाळू नये.

हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे, असा नियम आहे. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर अर्थिंगबद्दल घरमालकाला आधी विचारा. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर ती सूचना समजा. मुख्य बटण बंद करा आणि तपासणी होईपर्यंत गिझर लावू नका. कुणाला शॉक लागला तर त्याला हात लावण्याआधी वीज तोडा.

घरातल्या मुलाबाळांना एक सवय लावा. पाणी तापले की बटण बंद करायचे, मगच आंघोळीला जायचे. चांगल्या वायरिंगला चार पैसे जास्त लागतील, पण घरातले माणूस त्याहून मोलाचे आहे.