मोबियसची रेघ गेममध्ये कशी आली?

फोन हातात असेलच, तर मिनिटभर एपिसोड थांबवा आणि 'सेबल' या गेमचे दोन-चार स्क्रीनशॉट बघून या. २०२१चा गेम आहे. वाळवंट, मुखवटा घातलेली एक मुलगी आणि तिची हवेत तरंगणारी बाईक. बघताना वाटतं, कुणीतरी कॉमिकचं पानच चालू केलंय.

ते पान फ्रान्समधलं. जाँ जिरो नावाचा चित्रकार 'ब्लूबेरी' ही काउबॉयची मालिका काढायचा आणि मोबियस या टोपणनावाने विज्ञानकथा. १९७५ मध्ये त्याचं 'आर्झाक' आलं. एक माणूस भल्यामोठ्या पक्ष्यावर बसून ओसाड प्रदेशावरून उडतो. संवाद एकही नाही. काय चाललंय ते चित्रं बघून तुम्हीच ठरवायचं.

हे जपानमध्ये हायाओ मियाझाकींनी पाहिलं. 'नौसिका' (१९८४) हा सिनेमा आपण मोबियसच्या प्रभावाखाली केला, असं त्यांनीच सांगितलंय. ग्लायडरवरून उडणारी ती मुलगी आठवा. गंमत म्हणजे पुढे मोबियसने स्वतःच्या मुलीचं नाव नौसिका ठेवलं! याहून मोठी दाद काय असणार?

आता 'सेबल'कडे येऊ. लंडनच्या शेडवर्क्स या छोट्याशा स्टुडिओने तो बनवला. त्यातलं जग थ्रीडी आहे, मग रेघा येतात कुठून? कॉम्प्युटर शेजारशेजारचे पिक्सेल तपासतो. एक जवळच्या दगडाचा आणि दुसरा लांबच्या टेकडीचा निघाला, म्हणजे अंतर एकदम बदललं, की तिथे काळी रेघ मारतो. आतले रंग सपाट ठेवतो. मुलीची हालचालसुद्धा मुद्दाम कमी फ्रेममध्ये ठेवलीय, म्हणून ती हाताने काढल्यासारखी किंचित अडखळत चालते.

पण एवढं आज कुणीही करू शकतं. शेडर शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि 'मोबियस लुक'वाले गेमही येत राहतात. माझी तक्रार अशी, की बरेचदा रेघ तेवढी उचलली जाते आणि त्याच्यातला निवांतपणा राहून जातो. मोबियसच्या चित्रात रिकामी जागा असते, आणि ती भरायची घाई त्याला नसते. 'सेबल'मध्ये मारामारीच नाही. उंचावरून पडलात तरी मरत नाही. गाडी काढायची आणि लांब दिसणाऱ्या अवशेषांकडे निघायचं. काहींना हे कंटाळवाणं वाटतं, मान्य आहे. मला मात्र 'आर्झाक'चं नातं रेघेपेक्षा इथे जास्त दिसतं.