दिसायला सारखे, पण संगणकाला वेगळे

बारावीनंतरच्या तयारीसाठी नांदेड, परभणी, हिंगोलीकडून मुले लातूरला येतात, हे मराठवाड्यातील शिक्षकांना सांगायला नको. गेल्या जूनमध्ये नांदेड जिल्ह्यातील एका खेड्यातून एक वडील आपल्या मुलीला घेऊन एस.टी.ने लातूरला आले. मुलीला एका वसतिगृहात जागा मिळाल्याचे समजले होते. आडनाव कऱ्हाळे. खिडकीवरच्या कारकुनाने संगणकावर नाव टाइप केले. उत्तर आले : 'नोंद आढळली नाही.' त्याने पुन्हा टाइप केले, पुन्हा तेच उत्तर. गंमत अशी की, भिंतीवर चिकटवलेल्या छापील यादीत हेच नाव स्वच्छ दिसत होते. 'उद्या या,' असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले.

त्या वसतिगृहाचे संकेतस्थळ आमच्या एका माजी विद्यार्थ्याने तयार केलेले आहे. तो लातूरमध्ये वेब डेव्हलपर म्हणून काम करतो. शाळा, पतसंस्था, दवाखाने यांची संकेतस्थळे बांधतो. त्या संध्याकाळी त्याचा आम्हाला नांदेडला फोन आला. आवाज वैतागलेला होता. "सर, नाव डोळ्यांना दिसतंय, पण शोधलं की सापडत नाही. असलं काहीतरी मी रोज दोन-तीनदा निस्तरतो. कुठे चौकोन येतात, कुठे प्रश्नचिन्हं, कुठे नाव अर्धंच छापलं जातं. आणि लोक म्हणतात, तुमचं सॉफ्टवेअरच खराब."

हा वैताग एकट्या त्याचा नाही. मराठीतून निकालपत्र, दाखला किंवा प्रश्नपत्रिका संगणकावर तयार करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला तो ओळखीचा आहे. म्हणून या घोटाळ्यांच्या मुळाशी काय आहे, ते आपण जरा सावकाश पाहू.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते

संगणक फक्त संख्या साठवतो. अक्षर साठवायचे, तर प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक साठवायचा. पडद्यावर दाखवताना त्या क्रमांकाचे चित्र काढायचे. ही चित्रे ज्या संचात असतात, त्याला टंक किंवा फॉन्ट म्हणतात. म्हणजे क्रमांक वेगळा आणि चित्र वेगळे. हा भेद लक्षात ठेवला, तर पुढचे सगळे सोपे आहे.

रोमन लिपीसाठी अमेरिकेत १९६३ साली 'आस्की' नावाची क्रमांकयादी ठरली. तिच्यात १२८ जागा होत्या. इंग्रजीला त्या पुरल्या, पण आपल्या लिपीला त्यांत जागाच नव्हती. भारतात देवनागरी आणि इतर भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही यादी तयार झाली आणि १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एकाच यादीत बसवू पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतली. आज देवनागरीचा मुख्य विभाग २३०४ ते २४३१ या क्रमांकांत आहे.

'लातूर' हा शब्द संगणकात असा असतो : ल २३५४, काना २३६६, त २३४०, दीर्घ उकार २३७०, र २३५२. एकूण पाच क्रमांक. 'नांदेड' या शब्दाचे सहा : न २३४४, काना २३६६, अनुस्वार २३०६, द २३४२, मात्रा २३७५, ड २३३७. आपण दोन्ही शब्द तीन-तीन अक्षरी म्हणतो. संगणकाची मोजणी निराळी, कारण त्याच्या दृष्टीने काना, मात्रा, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे आहेत.

वेषांतर केलेले रोमन

युनिकोड रुळण्यापूर्वी छपाईची गरज तर होतीच. तेव्हा एक युक्ती काढण्यात आली. क्रमांक रोमन अक्षरांचेच ठेवायचे, पण त्या जागी चित्रे देवनागरीची बसवायची. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी ही नावे अनेक शिक्षकांना आठवतील. अशा टंकात टाइप केलेली प्रश्नपत्रिका पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची अर्थहीन रांग असते. तो टंक नसलेल्या संगणकावर ती उघडली, की वेषांतर गळून पडते आणि खालचे रोमन उघडे होते.

यावर कोणी म्हणेल, एकदा रूपांतर करून टाकावे. पण वेगवेगळ्या टंकांनी चित्रे वेगवेगळ्या जागी बसवली. एकात जिथे 'क' आहे, तिथे दुसऱ्यात भलतेच चिन्ह असू शकते. म्हणून मूळ टंक कोणता, हे कळल्याशिवाय अचूक रूपांतर करता येत नाही. शाळेच्या कपाटातील जुन्या सीडीवर अशा फायली असतील, तर त्यांच्यासोबत टंकाचे नाव लिहून ठेवावे. आज पाच मिनिटांचे हे काम उद्या पुष्कळ श्रम वाचवील.

तीन बाइटांची गोष्ट

मग युनिकोड आल्यावर सगळे सुरळीत व्हायला हवे होते. तसे का झाले नाही?

संगणकातील साठवणुकीचे माप म्हणजे बाइट. एका बाइटात ० ते २५५ एवढीच संख्या मावते. 'न'चा क्रमांक २३४४. तो एका बाइटात मावणार कसा? केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या अमेरिकेत काम करणाऱ्या दोघांनी सप्टेंबर १९९२ मध्ये यावर एक तोडगा रचला. त्याचे नाव यूटीएफ-८. आज जगातील बहुतेक संकेतस्थळे हीच पद्धत वापरतात. तिच्यात रोमन अक्षर पूर्वीसारखेच एका बाइटात राहते, त्यामुळे जुने इंग्रजी काम बिघडत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह मात्र तीन बाइटांत विभागून ठेवले जाते. 'न' होतो २२४, १६४, १६८.

आता समजा, पान पाठवणाऱ्याने 'हे यूटीएफ-८ आहे' असे सांगितले नाही. वाचणारी आज्ञावली जुन्या युरोपीय यादीप्रमाणे प्रत्येक बाइटाला एक स्वतंत्र अक्षर समजते. त्या यादीत २२४ म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' आणि १६४ म्हणजे चार कोपऱ्यांना टोके असलेले छोटे वर्तुळ. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह २२४ नेच सुरू होते. त्यानंतर १६४ किंवा १६५ येतो. १६५ म्हणजे जपानी येनचे चिन्ह. मराठी पानावर असे तिरप्या रेघेचे 'ए', वर्तुळे आणि येन यांची रांगोळी उमटलेली तुम्ही पाहिली असेल. ती दिसली, तर घाबरू नये. मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त तो चुकीच्या यादीने वाचला जात असतो. चौकोन दिसले, तर क्रमांक बरोबर आहेत पण टंकात त्यांची चित्रे नाहीत. नुसती प्रश्नचिन्हेच साठवली गेली असतील, तर मात्र मूळ क्रमांक गेले, आणि मजकूर पुन्हा भरावा लागतो. लक्षणावरून रोग ओळखता येतो तो असा.

अर्धवट नावाचे कोडेही इथेच सुटते. 'ज्ञानेश्वर' आपल्या मते चार अक्षरांचे नाव. त्यातील चिन्हे मोजा : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. एकूण दहा, म्हणजे तीस बाइट. कोणी 'नावाला वीस बाइट पुरेत' असे ठरवले असेल, तर सहा चिन्हांचे अठरा बाइट होतात आणि उरलेल्या दोन बाइटांत 'श'चा तुकडा अडकतो. दाखल्यावर 'ज्ञाने' आणि पुढे एक फुटके चिन्ह छापले जाते. मोबाइलवरच्या लघुसंदेशाचेही असेच आहे. एका संदेशात १४० बाइट मावतात. रोमन अक्षरे सात-सात बिटांत बसवली, की १६० मावतात. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणून ७० च मावतात. शाळेने पालकांना पाठवलेली मराठी सूचना इंग्रजीपेक्षा महाग का पडते, याचे उत्तर या भागाकारात आहे.

कऱ्हाळे यांचा शोध

आता त्या आडनावाकडे वळू. मराठीत 'र' जोडाक्षरात दोन तऱ्हांनी येतो. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात पापणीसारखा अर्धा र. हा भेद मराठीला अत्यावश्यक आहे; हिंदीला त्याची गरज पडत नाही.

हा अर्धा र संगणकात दोन वेगळ्या मार्गांनी लिहिता येतो. पहिल्या मार्गात खाली टिंब असलेला ऱ (२३५३) आणि त्यापुढे हलन्त (२३८१). दुसऱ्या मार्गात साधा र (२३५२), हलन्त (२३८१) आणि एक अदृश्य जोडचिन्ह (८२०५). दुसरा मार्ग युनिकोडच्या १९९६ सालच्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून आजही मान्य आहे. पडद्यावर दोन्हींचे चित्र एकच दिसते.

त्या रात्री आम्ही फोनवर त्याला एवढेच सांगितले : "चित्राकडे पाहू नकोस, क्रमांक छापून बघ." यादीतील 'कऱ्हाळे' आठ क्रमांकांचे निघाले, कारकुनाने टाइप केलेले सातांचे. यादी भरणाऱ्याचा कळफलक एका मार्गाचा, कारकुनाचा दुसऱ्या मार्गाचा. संगणकाने आठ आणि सात यांची तुलना केली आणि प्रामाणिकपणे 'नाही' म्हटले.

आमच्या विद्यार्थ्याने आधी घाईने सर्व अदृश्य चिन्हे पुसून टाकली. लगेच यादीत 'कर्हाळे' उमटले! जोडचिन्ह गेल्याबरोबर अर्ध्या र चा रफार झाला. सुदैवाने मूळ यादीची प्रत त्याने ठेवली होती. एकाच अक्षराची पर्यायी लेखने एकसारखी करण्याचे प्रमाणित नियम युनिकोडमध्ये आहेत. पण र खाली वेगळे टिंब देऊन लिहिलेला ऱ त्यांनी दुरुस्त होतो, हे जोडचिन्हाचे प्रकरण होत नाही. शेवटी त्याने स्वतःच नियम लिहिला : र, हलन्त, जोडचिन्ह असे ओळीने आले, की त्या जागी ऱ आणि हलन्त ठेवावे. हा नियम त्याने नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीला जागा मिळाली. तोवर बापलेकींना एक रात्र नातेवाइकाकडे काढावी लागली आणि वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडाला.

दोष कोणाचा?

कारकुनाचा नाही, यादी भरणाऱ्याचा नाही. आजचे साधे संकेतस्थळसुद्धा अनेक थरांवर उभे असते : कळफलक, माहितीसाठा, सर्व्हर, ब्राउझर, टंक, छपाई. प्रत्येक थर वेगळ्या लोकांनी, वेगळ्या काळी केलेला. त्यांतल्या कोणा एकाने 'एक अक्षर, एक क्रमांक, एक चित्र' असे मनोमन गृहीत धरले असेल, तरी पुरते. इंग्रजीच्या बाबतीत हे गृहीतक सहसा उघडे पडत नाही. मराठीत ते पहिल्याच जोडाक्षराला ठेचकाळते. विज्ञानात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की, प्रयोग फसला तर आधी गृहीतके तपासा. संगणकाच्या बाबतीतही नेमके तेच करायचे असते. आणि चाचणी घ्यायची, ती 'राम' आणि 'कमल' अशा सोप्या नावांवर नव्हे, तर कऱ्हाळे, ज्ञानेश्वर, क्षीरसागर यांच्यावर.

वर्गात करून पाहा

१. वर्गाचे दोन गट करा. दोघांना अक्षरांची वेगवेगळी क्रमांकयादी द्या. एका गटाने शब्द क्रमांकांत लिहून दुसऱ्याकडे द्यावा. दुसरा गट आपल्या यादीने वाचेल, तेव्हा जो गोंधळ होईल, तोच पडद्यावर होत असतो.

२. प्रत्येकाने आपल्या नावातील अक्षरे, चिन्हे आणि बाइट मोजावेत. वर्गात सर्वांत जास्त बाइट कोणाच्या नावाचे?

३. कल, कळ, कव हे शब्द निव्वळ क्रमांकांप्रमाणे लावले, तर याच क्रमाने येतात. कारण ळ चा क्रमांक (२३५५) ल च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत मात्र ळ हा ह च्या नंतर येतो. मग हजेरीपट कोणत्या क्रमाने लावावा? मुलांना वाद घालू द्या.

आणि पुढच्या वेळी एखाद्या मुलाचे नाव संगणकाला सापडले नाही, तर ते यादीतच नाही असे लगेच म्हणू नका. छापील यादी एकदा डोळ्यांनी वाचा.