बंब काढताय? आधी गच्ची बघा!

नाशिकच्या भांडीबाजारात तांब्याचा बंब अजून दिसतो. रचना झकासच: मधल्या नळीत पेटती लाकडं, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. पण धूर कोण सोसणार?

बदलायचाच तर माझं पहिलं मत सोलरला. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे तोंड दक्षिणेलाच हवं. बोअरचं जड पाणी असेल तर सपाट पॅनेलच्या बारीक नळ्यांत क्षार साचतात. काचेच्या जाड नळ्यांचा प्रकार बरा.

गच्ची नाही? मग गीझर. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे पाऊण युनिट वीज. हीट पंपाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पुरते, पण तो महाग!

जुनं तांबं वजनावर जातं; भाव दोन दुकानांत विचारा.