ज्यो, यमू की राधा?

शांता शेळक्यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ घरात आली की मुलींचा एक खेळ ठरलेला असतो. तू कोणती? मेग, ज्यो, बेथ की एमी? थोरली झटकन ज्योवर हक्क सांगते आणि धाकटीच्या गळ्यात एमी पडते. नाक नीट व्हावं म्हणून चिमटा लावून झोपणारी एमी व्हायला फारसं कुणी राजी नसतं. ज्यो लिहिते, भांडते, आजारी वडिलांकडे निघालेल्या आईला पैसे हवेत म्हणून स्वतःचे केस विकून २५ डॉलर आणते. लुइझा मे अल्कॉटने १८६८ साली ही गोष्ट आपल्याच घरावरून बेतली होती, आणि ज्यो म्हणजे ती स्वतः. पहिला भाग वाचून मुलींनी ज्यो आणि शेजारच्या लॉरीच्या लग्नाचा आग्रह धरला, तेव्हा बाईंनी हट्टाने ते लग्न होऊच दिलं नाही.

मराठी नायिका घेऊन हाच खेळ मांडायचा तर जीव धजावत नाही. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून, म्हणजे १८५७ पासून, आपल्या कादंबरीने विधवेचं दुःख उचललं. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगू लागली. केस तिचेही गेले. ज्योने ते आपण होऊन कापले होते, यमूचे नवऱ्यामागे बळजबरीने उतरवले गेले. दोन पुस्तकांत जेमतेम पाव शतकाचं अंतर आहे! यमूसाठी वाचक रडतात, पण ‘मी यमू’ असं हौसेने कोण म्हणणार?

विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’मधली अचला १९३४ साली आली. नवऱ्याने टाकलेली, तरी प्रेमाचा आणि आईपणाचा हक्क सोडायला तयार नसलेली. तिच्यासारखं असणं तेव्हा धोक्याचं होतं. लेखिकेनेही स्वतः टोपणनावाचा आडोसा घेतला होता. पुढे खांडेकरांच्या ‘ययाति’ने (१९५९) देवयानी की शर्मिष्ठा अशी सोयीची जोडी दिली. सोयीची अशासाठी, की कौल बहुधा शर्मिष्ठेलाच जातो. देवयानीचा ताठा आपल्यात असला तरी कबूल कोण करतं?

आता महाडच्या खाडीपट्ट्यातलं तुडील घ्या. इथल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस मुंबईला नाहीतर आखातात. शेत, गुरं, म्हातारी माणसं, पोरांची शाळा, सगळं बाईच्या अंगावर. इथल्या वाचकिणीला अल्कॉटचं घर लांबचं वाटेल असं कुणी म्हणेल, पण तिथेही बाप युद्धावर आहे आणि घर बायकाच चालवतात. पुण्यातल्या वाड्यातली यमूच तिला जास्त परकी वाटण्याचा संभव आहे.

तिच्या ओळखीच्या नायिका मंडणगडमार्गे दापोलीकडे गेलं की भेटतात. श्री. ना. पेंडसे तिथल्या मुर्डीचे. ‘गारंबीचा बापू’मधली (१९५२) राधा गावाने बोल लावलेली, तरी बापूबरोबर उघड संसार मांडणारी. ‘रथचक्र’मधली बाई तिच्याहून जिवाला लागते. नवरा घर सोडून संन्यासी झालेला, एकत्र कुटुंबात कोंडमारा, आणि मुलांनी शिकलंच पाहिजे हा एकच ध्यास. माणूस गावाबाहेर आणि जबाबदारी उंबऱ्याच्या आत, हे गणित खाडीपट्ट्याला समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच की चाकरमानी सणाला परततो आणि पैसे पाठवतो.

तरीही यादी अपुरी राहते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेच्या निमित्ताने डॉ. आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी वेगळे बोलले. ते ऐकणारी बाई वर मोजलेल्या एकाही कादंबरीची नायिका नाही. तिच्या जवळपासचं कुणी शोधायचं तर कादंबरीचं कपाट बंद करून उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) काढावं लागतं. त्यातली आई नवऱ्यामागे बांबूची आयदानं विणून पोरांना शिकवते. आत्मकथन असल्याने ती या खेळात बसत नाही, असं म्हणणाऱ्याने खेळाचा नियम बदलावा.

‘रथचक्र’ला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीची नायिका मात्र ‘ती’ म्हणूनच ओळखली जाते. दिवाळीला गावी जाणाऱ्यांनी या खेपेला फराळाच्या डब्याशेजारी ‘रथचक्र’ आणि ‘आयदान’ ठेवावं, आणि घरातल्या बाईला विचारावं, तू कोणती?