आकाशातून गुरे वळविताना

लोणी देवकरच्या शिवारात चुकार गुरे उसात शिरली, म्हणजे त्यांना कोंडवाड्याची वाट दाखविण्याचे काम काठी व हाक यांवरच चालते; परंतु बारामतीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ वैमानिकांची विमाने पाहिली, की ऑस्ट्रेलियातील विस्तीर्ण कुरणांत हेच काम लहान विमाने व हेलिकॉप्टरे करतात, याचे स्मरण होते.

प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य हद्द असते. तिच्या कडेवर दडपण आले की ते चालू लागते, ती एकदम ओलांडली की उधळते. गाईला थेट पाठीमागचे तेवढे दिसत नाही, म्हणून जाणता गुराखी खांद्याच्या मागे, किंचित बाजूस राहतो. हेलिकॉप्टर तेथे अधांतरी थबकू शकते. विमानाला ती सवलत नाही. चार आसनी शिकाऊ विमानाचा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटरांच्या खाली गेला, की त्यास तोलून धरणारा पंखांवरील हवेचा प्रवाह विस्कटू लागतो. आणि उंची न सोडता ६० अंश कलून घिरटी घेताना पंखांवर दुप्पट भार पडत असल्याने हीच मर्यादा सुमारे १२७ वर जाते. नजर खाली जनावरावर खिळलेली असताना वेग घटला, तर सावरण्यापुरती उंची उरत नाही.

म्हणून विमानाने उंचावरून गुरांचा ठावठिकाणा तेवढा कळवावा, वळविण्याचे काम मात्र जमिनीवरच्या माणसांनीच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.